अर्ज मागे घेणेबाबत

माळेवडी दूध संस्थेचा सचिव म्हणून मी एकवीस वर्षं काढली, आणि या एकवीस वर्षांत माझ्या टेबलावर एकही अर्ज शिळा झाला नाही. सकाळी आलेला अर्ज संध्याकाळचं दूध संकलन सुरू व्हायच्या आत निकाली, हा माझा नेम. लोक मला तोंडावर मगदूम साहेब म्हणत आणि पाठीमागे शिक्का म्हणत. मला दोन्ही नावं चालायची. अशा माणसाच्या हातून एक अर्ज असा मंजूर झाला की त्याची रुखरुख जन्मभर पुरली असती. ती पुरली नाही. का पुरली नाही, तेवढं सांगायचं आहे.

अर्ज माझ्या बायकोचा होता. सकाळी आम्ही एकत्र नाश्ता केला, आणि अकरा वाजता ती ऑफिसात येऊन टेबलासमोर उभी राहिली. हातात फुलस्केप कागद.

'प्रति, मा. सचिव, माळेवडी दूध संस्था. विषय : खाते बंद करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, संस्थेच्या पेटीवरील माझे खाते व त्यावरील आजअखेरची सर्व ध्वनिमुद्रणे पुसून टाकावीत, ही विनंती. आपली विश्वासू, सौ. त्रिशला भूपाल मगदूम.'

घरी मागितलं असतं तर मी वाद घातला असता, हे तिला ठाऊक होतं. कागदाशी मी वाद घालत नाही, हेही ठाऊक होतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या गळ्याला पांढरा रुमाल होता, आणि डोळ्यांत 'विचारू नका' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी शिक्का मारला.

पेटी म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगायला नको, पण ती आमच्याकडे का आली ते सांगतो. पूर्वी सगळ्या जगाचं बोलणं तीनचार मोठ्या कंपन्यांच्या गोठ्यात बांधलेलं असायचं. दावं त्यांच्या हातात. त्यांतल्या एकीनं एक दिवस गोठा मोडला आणि लोकांची वीस वर्षांची बोलणी, फोटो, मेलेल्या माणसांचे आवाज, सगळं गेलं. मग छोट्या पेट्या आल्या. कुठं वाचनालयात, कुठं शाळेत, आमच्याकडे दूध संस्थेत. कारण सोपं आहे. गावात सगळ्यांची वीज गेली तरी दुधाच्या कूलरची जाऊन चालत नाही. छपरावर सौरपट्ट्या, खाली बॅटरी, शिवाय जनरेटर. कूलरशेजारच्या फळीवर तेलाच्या डब्याएवढी आमची पेटी, आणि तिच्यात अख्ख्या गावाची खाती.

या पेट्यांना मालक नाही आणि मध्यभाग नाही. दिवाळीत फराळाची ताटं फिरतात तसं आहे. प्रत्येक घरचा फराळ त्या घरचाच, पण शेजारीपाजारी एकेक ताट पोचलेलं असतं. बार्शीच्या वाचनालयाच्या पेटीवरच्या कुणाला त्रिशलाचं ऐकायचं असेल, तर त्यांची पेटी आमच्या पेटीला एकदा सांगून ठेवते, बाईंचं नवीन काही आलं की आम्हाला पाठवत जा. मग त्रिशला बोलली की एक नक्कल बार्शीला जाते, एक निपाणीला, एक बीडला. पोचायच्या वेळी समोरची पेटी बंद असली, तर आमची पेटी ते पत्र फेकत नाही. राखून ठेवते, आणि वाट मोकळी झाली की पाठवते.

त्रिशला पशुसखी होती. जनावरांचं पहिलं औषधपाणी करणारी, अडलेलं रेडकू सोडवणारी. आठ वर्षांपूर्वी तिनं रोज सकाळी चार मिनिटं पेटीवर बोलायला सुरुवात केली. नाव ठेवलं 'सकाळची धार'. सुरुवात नेहमी एकच : "ऐकताय न्हवं?" मग कास सुजून दगडी झाली तर काय करायचं, रेडकाला पहिला चीक किती वेळात पाजायचा, नवरा पेंड भिजवायला विसरला तर त्याला काय म्हणायचं. शेवटच्या प्रकारात माझं नाव वरचेवर यायचं. दोनशे अकरा पेट्यांवरची माणसं तिला ऐकायची. कर्नाटकातल्या बायासुद्धा अर्धं समजून ऐकायच्या.

मग गेल्या वर्षी घशात गाठ निघाली. मिरजेला शस्त्रक्रिया झाली, आणि जीव वाचवताना स्वरयंत्र काढावं लागलं. श्वास गळ्याच्या छिद्रातून सुरू झाला, बोलणं संपलं. त्रिशला धीराची. दोन महिन्यांत ती पाटीवर लिहून माझ्यावर रागवायला लागली, तेव्हा मी म्हटलं, निभावलं. पण एके सकाळी शेजारच्या गोठ्यातून आवाज आला, "ऐकताय न्हवं?" शेजारणीनं जुनी धार लावली होती. त्रिशलाच्या हातातली वैरणीची पेंढी खाली पडली. त्याच दिवशी अकरा वाजता तो अर्ज आला.

पुसणं हे आमच्या व्यवस्थेत कसं होतं, तेही सांगायला हवं. नकला दोनशे अकरा ठिकाणी आहेत, त्या काही माझ्या हातात नाहीत. माझी पेटी फक्त एक पत्र पाठवते : या बाईंची इच्छा आहे, कृपया आपल्याकडची नक्कल पुसा. सक्ती नाही. पण लोकांनी शब्द पाळला. दोन दिवसांत दोनशे अकरा पोचपावत्या आल्या. मी माणूस असा चोख, की संस्थेच्या कपाटातली राखीव डिस्कसुद्धा काढून कोरी केली. अर्जात 'सर्व' लिहिलं होतं.

आठ महिन्यांनी डॉक्टर शमीम मुजावर बाईंचा फोन आला. त्या मिरजेत वाचा गेलेल्या रुग्णांना बोलायला शिकवतात. म्हणाल्या, "मगदूम, गळपट्टा आलाय. वहिनींना घेऊन या."

गळपट्टा म्हणजे रबरासारखी मऊ पट्टी. स्वरयंत्र गेलं तरी जीभ, ओठ, हनुवटीखालचे स्नायू पूर्वीसारखेच हलतात. बोलायचा विचार आला की मेंदूचा इशारा त्या स्नायूंपर्यंत जातोच. पट्टी तो इशारा टिपते आणि त्याच क्षणी शब्द बाहेर काढते. बाईंनी आमच्या लग्नाच्या व्हिडिओतून त्रिशलाच्या आवाजाचा दोन मिनिटांचा तुकडा घेतला होता. पट्टी बांधली. त्रिशलानं ओठ हलवले.

"अहो, पाणी द्या," असं खोलीत ऐकू आलं.

आवाज तिचाच होता, पण ते तिचं बोलणं नव्हतं. बातम्या वाचाव्यात तसं गुळगुळीत, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. त्रिशलानं आणखी एक वाक्य बोलून पाहिलं, मग पट्टी सोडून टेबलावर ठेवली आणि पाटीवर लिहिलं : 'ही बाई कोण?'

बाई म्हणाल्या, "आवाजाचा रंग दोन मिनिटांत उचलता येतो, वहिनी. पण तुम्ही कुठं थांबता, रागावताना कुठला शब्द ओढता, हसू दाबून कसं बोलता, हे पट्टीला शिकवायला तुमचं रोजचं बोलणं लागतं. चाळीस तास तरी. तुमची 'सकाळची धार' आहे ना? मग काळजीच नाही!"

त्रिशलानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं नाही. येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली, आणि उतरताना पाटीवर लिहिलं, 'चूक माझी आहे, तुमची नाही.' त्या एका ओळीनं मला जास्त मेल्यासारखं झालं. तिनं त्या दिवसापासून पाटीही कमी केली. गोठ्याकडे जाणं बंद, ओट्यावर बसणं बंद. आपल्यावाचून कुणाचं अडत नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

मी तिच्या नकळत कामाला लागलो. दोनशे अकरा पेट्यांना पत्र लिहिलं : त्रिशला मगदूम यांच्या आवाजाची नक्कल चुकून कुठं राहिली असल्यास कळवावे. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणीतरी नियम मोडला असावा अशी आशा करत होतो.

उत्तरं आली, आणि ती वाचताना माझा चष्मा वारंवार पुसावा लागला. बार्शीचे ग्रंथपाल म्हणाले, 'आक्कांचा निरोप आला त्या संध्याकाळी आम्ही सगळे बसून शेवटचं एकदा ऐकलं आणि मग पुसलं. फार जड गेलं.' बीडच्या एका शिक्षिकेनं लिहिलं की त्यांची पेटी लहान, महिन्याभरापलीकडचं ठेवतच नाही. निपाणीजवळच्या एका बाईंनी तर वहीतली पानं पाठवली. त्यांनी चार वर्षांच्या सगळ्या धारा हातानं उतरवून घेतल्या होत्या, 'हसली' असं कंसात लिहून. आवाज मात्र कुणाकडेच नव्हता. सगळ्यांनी तिचा मान राखला होता. त्या माणसांवर रागवावं कसं? मी प्रत्येकाला आभाराचं उत्तर लिहिलं.

शेवटचं उत्तर लिहून झाल्यावर मी यादी बंद करणार, तर खाली एक दुसरी छोटी यादी दिसली. 'व्यवहार बंद असलेल्या पेट्या.' त्यात एकच नाव होतं. नवी डेअरी, माळेवडी.

ही पेटी आमच्या ऑफिसपासून चालत सात मिनिटांवर आहे. तिथला चेअरमन आदगोंडा पाटील, म्हणजे आदाण्णा, माझा लहानपणापासूनचा दोस्त. सहा वर्षांपूर्वी संस्थेच्या निवडणुकीत त्याचा उमेदवारी अर्ज पाच वाजून दहा मिनिटांनी आला. मुदत पाचची. मी नाकारला. त्याची म्हैस अडली होती म्हणून उशीर झाला होता आणि ती सोडवायला त्या वेळी त्याच्या गोठ्यात माझीच बायको होती, हे मला माहीत होतं. तरी नाकारला. आदाण्णानं शंभर सभासद घेऊन नवी डेअरी काढली, वेगळी पेटी बसवली. त्याच आठवड्यात मी आमच्या पेटीवरून त्याच्या पेटीशी व्यवहार बंद केला. आमच्याकडं गावात डेअरी फुटली की पाणी, लग्नं, बोलणं सगळंच फुटतं, मग पेटी कशी राहील? त्रिशलानं दोन दिवस मला जेवण वाढलं, पण माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पुढं माझ्यासाठी तिनं त्या गोठ्यात जाणं सोडलं.

आमच्या जैनांत दशलक्षण पर्वानंतर क्षमावणी असते. घरोघर जाऊन, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा, असं म्हणायचं. सहा वर्षं मी सगळ्या गावात जायचो, त्याचं दार सोडून. तोही कधी आला नाही.

पण व्यवहार बंद म्हणजे माझं पुसण्याचं पत्रही तिकडं गेलेलं नव्हतं. फुटायच्या आधीची दोन वर्षं त्रिशलाची प्रत्येक धार आदाण्णाच्या घरी जात होती. तो तेव्हा घरच्या छोट्या पेटीवर ऐकायचा, आणि तीच पेटी त्यानं नव्या डेअरीत बसवली. जुनं त्यानं ठेवलं असेल तर. मी उठलो.

नव्या डेअरीत संध्याकाळचं संकलन चालू होतं. मी दारात दिसल्यावर किटल्या घेऊन उभी असलेली रांग मागे वळून बघायला लागली. आदाण्णा फॅट मशीनजवळ होता. केस पिकले होते, मिशी तशीच.

"काय गा शिक्का," तो म्हणाला, "वाट चुकलास?"

"काम हुतं."

"मुदत पाचची. सा वाजल्यात."

रांगेत कुणीतरी हसलं. मी मान खाली घातली आणि तिथंच, सगळ्यांसमोर, सगळं सांगितलं. अर्ज, शिक्का, गळपट्टा, चाळीस तास. आदाण्णानं हातातली बाटली हळूच खाली ठेवली.

"चल," म्हणाला.

त्यानं मला डेअरीच्या मागे त्याच्या गोठ्यात नेलं. धारेची वेळ होती. भिंतीवर एक जुना स्पीकर टांगलेला. त्यानं खटका दाबला.

"ऐकताय न्हवं? आज मी जरा रागात हाय. का, ते इचारू नका. कुणीतरी पेंड भिजवायची इसरलंय..."

ओळीनं बांधलेल्या म्हशींचे कान मागे वळले. कोपऱ्यातली एक काळीभोर म्हैस रवंथ थांबवून उभी राहिली आणि तिच्या कासेत पान्हा उतरायला लागला.

"म्हशी आवाजाला बांधत्यात," आदाण्णा म्हणाला. "वैनी हितं यायच्या तवा ह्यांना त्यांच्या बोलण्याची सव लागली. त्या यायच्या बंद झाल्या, आन् म्हशी आटल्या. मग मी त्यांचं जुनं लावाय लागलो. सा वर्सं, सांच्याला आन् सकाळी. सातशे बारा धारा हायत. पेटी जुनं टाकून देती म्हणं, म्हणून दर साली नव्या डिस्कवर काढून ठेवतोय." मग कोपऱ्याकडं बोट दाखवलं. "ती वळखलीस? त्या दिसाला अडलेली रेडी. पाच वाजून धा मिन्टांची."

मी त्या म्हशीकडे बघायचं टाळलं. म्हटलं, "आदाण्णा, ते दे मला. उपकार हुतील."

त्यानं खटका बंद केला. मग म्हणाला, "वैनीनं पुसाय सांगितलंया न्हवं?"

"सांगितलं हुतं. पर आता..."

"आता काय, ते तू सांगणार? मला ठावं नव्हतं तवर ठेवलं, ते येगळं. आता ठावं झालं. त्यांनी पुसा म्हटलं तर मी आत्ता पुसतो, म्हशी आटू देत. द्या म्हटलं तर देतो. पर ते त्यांनी म्हणाय पायजे. तू कोण गा?"

मी, म्हणजे ज्यानं दहा मिनिटांसाठी त्याचा अर्ज नाकारला होता, त्याला नियम शिकवला जात होता. आणि बरोबर शिकवला जात होता. मला त्या क्षणी त्याचा राग आला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा तो मला फार आवडला.

घरी येऊन त्रिशलाला सांगितलं. ती ऐकत राहिली, मग पाटी घेऊन इतक्या जोरात लिहिलं की खडू मोडला. 'मला न विचारता दोनशे अकरा घरं मागत फिरलात?' मी हो म्हटलं. 'मी पुसायला लावलं ते माझं होतं. तुम्ही आशा लावायची, आणि पुन्हा ती इस्त्रीवाली बाई बोलली तर? ते कुणी सोसायचं?'

मी म्हटलं, "तूच. म्हणून आदाण्णानं मला दिलं नाही. तू नको म्हणालीस तर तो पुसणार आहे."

तिनं पाटी पुसून भिंतीला लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी धारेच्या वेळी बघतो तर ती चप्पल घालत होती. मी मागोमाग गेलो, दहा पावलं अंतर ठेवून. आदाण्णा तिला पाहून उठला. स्पीकर चालूच होता. शेजारणीच्या गोठ्यातून आपला आवाज ऐकताच तिच्या हातातून पेंढी पडली होती, तशीच ती याही वेळी दारात खिळली. मग तिला म्हशी दिसल्या. भिंतीवरचा तिचा आवाज एका रेडकाबद्दल सांगत होता आणि ओळीनं उभ्या असलेल्या म्हशी शांतपणे पान्हवत होत्या. ती त्या कोपऱ्यातल्या म्हशीजवळ गेली आणि तिच्या कपाळावर तळवा ठेवून उभी राहिली. ती रडत होती. तिच्या रडण्याला आता आवाज नाही, खांदे तेवढे हलतात.

मग तिनं आदाण्णाकडे हात केला, कागद द्या म्हणून. दुधाच्या पावतीच्या मागे लिहिलं : 'विषय : अर्ज मागे घेणेबाबत.' खाली एकच ओळ, 'माझा आवाज मला परत द्यावा, ही विनंती.' आदाण्णानं तो कागद दोनदा वाचला आणि बंडीच्या खिशात घातला.

आनंदाच्या भरात 'व्यवहार खुला करतो' असं ओरडत मी आमच्या ऑफिसात धावलो. म्हटलं, पहिलं काम, त्या पेटीशी बंद केलेला व्यवहार खुला करायचा. म्हणजे सातशे बारा धारा आपोआप इकडे येतील आणि माझ्या मनावरचं सहा वर्षांचं ओझंही उतरेल. यादी उघडली, नवी डेअरीच्या नावावर बोट नेलं, आणि मागून स्टीलच्या मापट्यानं टेबल बडवल्याचा आवाज आला. त्रिशला धापा टाकत उभी होती. छिद्रातून श्वास घेणाऱ्या बाईनं धावू नये, पण ती धावली होती. तिनं माझ्याच टेबलावर खडूनं लिहिलं :

'साचलेलं पत्र!'

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाट मोकळी झाली की पेटी राखून ठेवलेली पत्रं पाठवते. त्याच्यासाठी साचलेल्या धारा खात्याबरोबरच पुसल्या गेल्या होत्या, त्यामुळं आदाण्णासाठी माझ्या पेटीत एकच पत्र उरलं होतं, 'कृपया पुसा'. मी ते बटण दाबलं असतं, तर समेट होण्याच्या त्याच क्षणी त्याची पेटी सगळं पुसून मोकळी झाली असती. मी बोट उचललं आणि यादी बंद केली. माणसाला बायको का असावी, याचं मला तेव्हा नीट उत्तर मिळालं.

त्यामुळं ठरलं असं, की आवाज हातोहात न्यायचा आणि तोवर दोन्ही डेअऱ्यांचं भांडण शिस्तीत चालू ठेवायचं. आदाण्णा डिस्क फडक्यात गुंडाळून रिकाम्या किटलीत घालून घेऊन आला. आमच्या दारात थांबून मोठ्यानं म्हणाला, "व्यवहार बंद हाय, मी आत येत न्हाई," आणि दोघंही हसायला लागलो. मी ते राखलेलं पत्र माझ्या हातानं रद्द केलं. डिस्क डॉक्टर बाईंकडे पोचवली, आणि पट्टी शिकून झाल्यावर बाराव्या दिवशी मिरजेला गेलो.

डॉक्टर मुजावर बाईंनी पट्टी बांधली आणि म्हणाल्या, "बोला वहिनी." त्रिशलानं मान हलवली. नाही. तिथं नाही. बाई समजूतदार, त्यांनी आग्रह केला नाही. येताना एसटीत तिनं पट्टीवर रुमाल गुंडाळून घेतला. मी मनात म्हणत होतो, पुन्हा ती दुसरीच बाई बोलली तर काय?

माळेवडीला उतरल्यावर ती घराकडे वळली नाही. सरळ आदाण्णाच्या गोठ्यात. धारेची वेळ. तिनं भिंतीवरच्या स्पीकरचा खटका बंद केला. म्हशी चुळबुळल्या. आदाण्णा बादली धरून उभा, मी दारात.

"ऐकताय न्हवं?" त्रिशला म्हणाली.

'न्हवं'वरचा तो हेलकावा. मी सत्तावीस वर्षं ऐकलेला. कोपऱ्यातल्या म्हशीनं कान मागे टाकले, आणि तिला पान्हा फुटला.

"आदाण्णा," तिनं पुढं म्हटलं, "बादली वाकडी धरलीया तुमी."

आदाण्णानं बादली सरळ केली. त्याला दिसत नव्हतं काही, डोळे भरलेले होते. मी तर भिंतीलाच टेकलो. आवाज सहा वर्षांपूर्वीचा, म्हणजे माझी बायको सहा वर्षांनी तरुण झाली होती आणि मी होतो तिथंच होतो. असल्या अन्यायाबद्दल मी कुणाकडेही अर्ज करणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटीसमोर बसलो. त्रिशला शेजारी खुर्ची घेऊन बसली. आता माझ्याकडून जायला एकही पत्र उरलं नव्हतं. मी व्यवहार खुला केला.

आणि तिकडून पत्रं यायला लागली.

मला वाटलं, यंत्रात काही बिघाड. पण तारखा जुन्या होत्या. आदाण्णाच्या पेटीत सहा वर्षं साचलेली, माझ्या नावानं लिहिलेली, आमच्या बंद दारावर थांबलेली पत्रं. एकूण सात. चष्मा ओला झाला होता, म्हणून मी ती त्रिशलाला वाचायला सांगितली. तिनं ती मोठ्यानं वाचली, त्यानंच राखून ठेवलेल्या आवाजात.

"'जय जिनेंद्र. आज क्षमावणी. वर्षात कळत-नकळत तुला दुखावलं असेल तर क्षमा कर. आदगोंडा.'" दुसरं पत्र पुढच्या वर्षीचं. तेच शब्द. तिसरं. चौथं. प्रत्येक क्षमावणीला एक, असं सहा वर्षं, सहा. तिचा आवाज पाचव्या पत्रावर अडखळला आणि पट्टीनं ती अडखळसुद्धा जशीच्या तशी बाहेर काढली.

सातवं वेगळं होतं, गेल्या वर्षीचं, तिच्या शस्त्रक्रियेच्या दिवसाचं. "'भूपाल, वैनीचं आज आप्रेशन हाय असं कळलं. तू दार लावलंयस, म्हणून येत न्हाई. हितं गोठ्यात त्यांचा आवाज लावून बसलोय. तो जाऊ द्यायचा न्हाई, एवढं माझ्या हातात हाय.'"

तिनं पडदा माझ्याकडं वळवला. सहा वर्षांत त्यानं मला सात पत्रं लिहिली, आणि मी त्याच्यासाठी एकच, 'पुसा'. माझ्या हट्टानं ते पोचलं नाही म्हणून ती बोलत होती, आणि त्याच्या हट्टानं तो आवाज जपला गेला म्हणून बोलत होती. यात माझं पुण्य काहीच नव्हतं. मी फक्त ऋणी होतो, त्याचा, त्या दोनशे अकरा शब्द पाळणाऱ्यांचा, टेबल बडवणाऱ्या या बाईचा.

मी फुलस्केप कागद ओढला आणि लिहायला सुरुवात केली. प्रति, मा. चेअरमन, नवी डेअरी, माळेवडी. विषय : क्षमा मागणे व आभार मानणेबाबत. महोदय, वरील विषयास...

"अहो," त्रिशला म्हणाली, आणि तो 'अहो' असा ओढला की माझं पेन थांबलं. "अर्ज काय लिवताय? सात मिन्टांवर हाय त्यो. चप्पल घाला."

मी चप्पल घातली.